फ्लॉरेन्स : प्रबोधनकाळ जपून ठेवणारे शहर

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची शवपेटी ज्या रंगीत संगमरवरी चौथऱ्यावर विसावली आहे, तो चौथरा गोव्यात घडलेला नाही. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने तो भेट म्हणून पाठवला. जोव्हान्नी बात्तिस्ता फोजिनी या दरबारी शिल्पकाराने त्याची रचना केली. सुटे भाग जहाजातून आले, त्यांच्याबरोबर प्लाचिदो रामपोनी हा कारागीरही आला आणि १६९८ मध्ये ही समाधी बासिलिकेत उभी राहिली. चौथऱ्यावरील जडावकाम आणि संताच्या जीवनातील प्रसंग दाखवणारे कांस्यपट पाहताना गोव्याचा माणूस नकळत एका दूरच्या शहराची कारागिरी पाहत असतो. ते शहर म्हणजे इटलीतील फ्लॉरेन्स.

तोस्काना प्रांताची राजधानी असलेल्या या शहराला स्थानिक लोक ‘फिरेन्झे’ म्हणतात. आर्नो नदीच्या दोन्ही काठांवर ते वसले असून त्याची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या पुढे आहे. शहराचा ऐतिहासिक गाभा मात्र लहान आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला अर्ध्या तासात पायी जाता येते. एवढ्याशा जागेत ब्रुनेलेस्की, दोनातेल्लो, मसाच्चो, बोतिचेल्ली, लिओनार्दो दा व्हिंची आणि मायकेलअँजेलो यांनी काम केले. १९८२ मध्ये युनेस्कोने या भागाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

व्यापारातून कलेकडे

रोमन काळात ‘फ्लोरेन्तिया’ या नावाने वसलेली ही वसाहत मध्ययुगात लोकरीच्या कापडावर आणि सावकारीवर श्रीमंत झाली. १२५२ मध्ये येथे ‘फ्लोरिन’ हे सोन्याचे नाणे पाडण्यात आले आणि ते युरोपभर विश्वासाने स्वीकारले जाऊ लागले. शहरावर राजा नव्हता. व्यापारी व कारागिरांच्या श्रेणी, म्हणजे ‘आर्ती’, कारभार पाहत आणि चर्च, इस्पितळे, पुतळे यांवरील खर्चही उचलत. एका श्रेणीने पुतळा उभारला की दुसरीला त्याहून चांगला हवा असे. ही चढाओढ कलावंतांच्या पथ्यावर पडली.

१३९७ मध्ये जोव्हान्नी दि बिच्ची याने मेदिची घराण्याची पेढी स्थापन केली. त्याचा मुलगा कोझिमो १४३४ मध्ये हद्दपारीतून परतला आणि कोणतेही सिंहासन न घेता शहराचा खरा सत्ताधीश बनला. त्याचा नातू लोरेन्झो याच्या काळात कवी, तत्त्वज्ञ आणि चित्रकार यांना या घरात आश्रय होता. सत्तेची दुसरी बाजूही तेव्हाच दिसली. २६ एप्रिल १४७८ रोजी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना पाझ्झी घराण्याच्या कटवाल्यांनी लोरेन्झोवर हल्ला केला. तो वाचला, त्याचा भाऊ जुलियानो जागीच मारला गेला.

दुओमो : घुमटाचे कोडे

फ्लॉरेन्समध्ये कोठूनही दिसतो तो सांता मारिया देल फिओरे या कॅथेड्रलचा लालसर विटांचा घुमट. लोक त्याला नुसते ‘दुओमो’ म्हणतात. कॅथेड्रलचे काम १२९६ मध्ये आर्नोल्फो दि कांबियो याच्या आराखड्यानुसार सुरू झाले. शंभर वर्षांनंतरही वेदीवरची जागा उघडीच होती, कारण सुमारे ४५ मीटर रुंदीची अष्टकोनी पोकळी कशी झाकावी हे कोणालाच ठाऊक नव्हते. लाकडी आधार उभारून कमान बांधण्याच्या नेहमीच्या पद्धतीला लागणारे लाकूड आणि खर्च आवाक्याबाहेरचा होता.

१४१८ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा मुळात सोनाराचे काम शिकलेला माणूस. त्याने जमिनीपासूनच्या आधाराविना घुमट बांधण्याचा दावा केला. १४२० मध्ये काम सुरू झाले. त्याने एकात एक अशी दोन कवचे रचली आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या बसवल्या. त्यामुळे प्रत्येक थर चुना सुकेपर्यंत स्वतःला धरून राही. जड सामान वर नेण्यासाठी बैलांनी फिरणारे यंत्रही त्यानेच बनवले. चाळीस लाखांहून अधिक विटांचा हा घुमट १४३६ मध्ये पूर्ण झाला. विटांनी बांधलेला याहून मोठा घुमट आजही जगात नाही. ब्रुनेलेस्कीची कबर याच कॅथेड्रलच्या तळघरात आहे.

दोन कवचांमधील अरुंद जिन्याच्या ४६३ पायऱ्या चढून माथ्यावर जाता येते. उद्वाहन नाही. वाटेत जॉर्जो वासारी आणि फेदेरिको झुक्कारी यांनी १५७२ ते १५७९ या काळात रंगवलेले ‘अंतिम न्याय’ हे भव्य भित्तिचित्र अगदी जवळून दिसते. शेजारी जोत्तोने १३३४ मध्ये आरंभलेला घंटामनोरा आहे. त्याच्या ४१४ पायऱ्या चढल्या की खुद्द घुमटाचेच उत्तम दर्शन घडते. कॅथेड्रलचा हिरव्या, पांढऱ्या व गुलाबी संगमरवराचा दर्शनी भाग मात्र जुना नाही. तो एकोणिसाव्या शतकात बांधला गेला.

समोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहात कवी दान्ते याचा बाप्तिस्मा झाला होता. येथील दरवाजांच्या कामासाठी १४०१ मध्ये झालेल्या स्पर्धेत लोरेन्झो गिबेर्ती विजयी ठरला आणि ब्रुनेलेस्की मागे पडला. दोघांनी स्पर्धेसाठी केलेले कांस्यपट बार्जेल्लो संग्रहालयात शेजारीशेजारी ठेवले आहेत, त्यामुळे परीक्षकांचा निर्णय योग्य होता की नाही हे पाहणाऱ्याला स्वतःच ठरवता येते. गिबेर्तीने पहिल्या दरवाजाला एकवीस वर्षे आणि दुसऱ्याला सत्तावीस वर्षे दिली. दहा सोनेरी पटांचा हा दुसरा दरवाजा ‘स्वर्गद्वार’ म्हणून प्रसिद्ध आहे. चौकात दिसतो तो त्याची प्रतिकृती. मूळ दरवाजा मागच्या दुओमो संग्रहालयात आहे. घाईत असलेले प्रवासी प्रतिकृतीसमोर छायाचित्र काढून निघून जातात. तसे करू नये.

सिन्योरिया चौक आणि डेव्हिड

दुओमोपासून दहा मिनिटांच्या अंतरावर सिन्योरिया चौक आहे. येथील पालाझ्झो व्हेकियो हा किल्ल्यासारखा दगडी प्रासाद १२९९ मध्ये बांधायला घेतला गेला आणि तो शहराच्या कारभाराचे ठिकाण आहे. महापौरांचे कार्यालय आजही त्यातच आहे. चौकाच्या फरशीत एक गोल शिळा बसवलेली आहे. चैनीच्या वस्तू, चित्रे आणि ग्रंथ यांची होळी करायला लावणारा धर्मोपदेशक सावोनारोला याला २३ मे १४९८ रोजी त्या जागी फाशी देऊन जाळण्यात आले. बाजूच्या लोज्जा देई लान्झी या खुल्या दालनात चेल्लिनीचा ‘पर्सियस’ आणि जांबोलोन्याचे ‘साबिन स्त्रीचे अपहरण’ ही शिल्पे कोणत्याही तिकिटाविना पाहता येतात.

प्रासादाच्या दाराशी उभा असलेला डेव्हिड ही १९१० मध्ये बसवलेली प्रतिकृती आहे. मूळ शिल्पाची कथा अशी : संगमरवराचा एक मोठा ठोकळा आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट कोरून सोडला होता आणि तो कॅथेड्रलच्या आवारात सुमारे चाळीस वर्षे पडून होता. १५०१ मध्ये सव्वीस वर्षांच्या मायकेलअँजेलोने तो हाती घेतला. तीन वर्षांनी पाच मीटरहून उंच डेव्हिड तयार झाला, तेव्हा तो कोठे ठेवावा हे ठरवण्यासाठी नेमलेल्या मंडळींत लिओनार्दो आणि बोतिचेल्ली होते. बलाढ्य गोलायथला गोफणीने पाडणारा हा तरुण छोट्या प्रजासत्ताकाला स्वतःचे प्रतीक वाटला. म्हणून त्याला चर्चवर न चढवता राज्यकारभाराच्या दारात उभे करण्यात आले. ऊन-पावसापासून जपण्यासाठी १८७३ मध्ये तो आकादेमिया संग्रहालयात हलवला गेला.

आकादेमियात डेव्हिडकडे जाणाऱ्या दालनातच मायकेलअँजेलोची ‘बंदिवान’ ही अपूर्ण शिल्पे आहेत. दगडातून अर्धेच बाहेर आलेले हे देह शिल्पकाराची छिन्नी कशी चाले ते दाखवतात. गर्दी डेव्हिडभोवती असते, तेव्हा येथे शांतपणे थांबता येते.

उफिझी आणि एका स्त्रीचा करार

‘उफिझी’ म्हणजे कार्यालये. ड्यूक कोझिमो पहिला याच्या आज्ञेवरून वासारीने १५६० मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी ही इमारत बांधायला घेतली. पुढे वरच्या मजल्यावर मेदिचींचा कलासंग्रह जमत गेला आणि १७६९ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. बोतिचेल्लीची ‘व्हीनसचा जन्म’ व ‘वसंत’, लिओनार्दोचे ‘शुभवर्तमान’, मायकेलअँजेलोचे ‘दोनी तोंदो’, तित्सियानोची ‘उर्बिनोची व्हीनस’ आणि काराव्हाज्जोची ‘मेडुसा’ ही चित्रे येथे आहेत. जोत्तोच्या ‘मादोन्ना’पासून आरंभ केला, तर सपाट सोनेरी पार्श्वभूमीवरच्या आकृत्यांना हळूहळू वजन, सावली आणि खोली कशी आली, हे दालनागणिक उलगडत जाते.

हा सारा संग्रह फ्लॉरेन्समध्येच राहिला, याचे श्रेय एका स्त्रीला आहे. १७३७ मध्ये शेवटचा मेदिची ग्रँड ड्यूक जान गास्तोने निपुत्रिक मरण पावला आणि राज्य लोरेनच्या घराण्याकडे गेले. त्याची बहीण आन्ना मारिया लुइझा ही घराण्यातली शेवटची वारस. तिने नव्या सत्ताधीशाशी त्याच वर्षी करार केला. चित्रे, पुतळे, ग्रंथ, रत्ने यांतील काहीही शहराबाहेर नेता येणार नाही. हा ठेवा राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी पाहुण्यांचे कुतूहल यांसाठी आहे, असे त्यात स्पष्ट नमूद झाले. राजघराणी बुडाली की त्यांचे संग्रह लिलावात विखुरतात, हा युरोपातला नेहमीचा अनुभव. फ्लॉरेन्समध्ये तसे घडले नाही. ही आन्ना मारिया लुइझा म्हणजे गोव्याला समाधी पाठवणाऱ्या कोझिमो तिसऱ्याची मुलगी.

त्या समाधीवरील जडावकामाचे मूळ पाहायचे असेल, तर आकादेमियाजवळच्या ओपिफिचियो देल्ले पिएत्रे दुरे या संस्थेत जावे. रंगीत कठीण दगडांचे पातळ तुकडे कापून, ते सांध्यांची रेषही न दिसता जोडून फुले, पक्षी आणि निसर्गदृश्ये साकारण्याची ही कला. १५८८ मध्ये ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो पहिला याने तिच्यासाठी दरबारी कार्यशाळा स्थापन केली. तिचे सर्वांत भव्य रूप सान लोरेन्झो चर्चमधील मेदिचींच्या ‘राजपुत्रांच्या समाधिगृहा’त आढळते. त्याच्या शेजारच्या दालनातील मेदिची थडगी मायकेलअँजेलोने घडवली आहेत.

जुना पूल आणि नदीपलीकडचा भाग

आर्नोवरचा पोन्ते व्हेकियो, म्हणजे जुना पूल, १३४५ मध्ये बांधून पूर्ण झाला. त्यावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. १५९३ मध्ये फेर्दिनांदोने त्यांना हटवून सोनारांना जागा दिली. सोनारांची दुकाने आजही तेथे आहेत. दुकानांच्या डोक्यावरून ‘वासारी मार्गिका’ जाते. १५६५ मध्ये राजपुत्राच्या लग्नानिमित्त अवघ्या काही महिन्यांत बांधलेल्या या बंदिस्त वाटेने मेदिची रस्त्यावर न उतरता प्रासादातून नदीपलीकडच्या पित्ती महालात जात. दीर्घ काळ बंद असलेली ही मार्गिका २०२४ च्या अखेरीस पुन्हा खुली झाली.

ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील इतर सर्व पूल उडवून दिले. पोन्ते व्हेकियो तेवढा वाचला, मात्र त्याच्या दोन्ही टोकांची जुनी वस्ती जमीनदोस्त झाली. शेजारचा सांता त्रिनिता पूल लोकांनी नदीतून दगड काढून मूळ रूपात पुन्हा बांधला.

नदीपलीकडच्या भागात गर्दी कमी असते. सांता मारिया देल कार्मिने चर्चमधील ब्रांकाच्ची प्रार्थनागृहात मसाच्चोची भित्तिचित्रे आहेत. सत्तावीस वर्षांच्या आसपास वारलेल्या या चित्रकाराने स्वर्गातून हाकललेले आदम आणि हव्वा रंगवले, ते रडणाऱ्या खऱ्या माणसांसारखे. पुढच्या पिढ्यांतील चित्रकार, मायकेलअँजेलोही, येथे अभ्यासाला येत. संध्याकाळी टेकडीवरच्या पियाझ्झाले मायकेलअँजेलो या चौकातून शहराचा संपूर्ण देखावा दिसतो. तेथून थोडे वर चढले की अकराव्या शतकातले सान मिनियातो हे सुंदर चर्च लागते.

सांता क्रोचे आणि १९६६ चा पूर

सांता क्रोचे चर्चमध्ये मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, माकियाव्हेल्ली आणि संगीतकार रोस्सिनी यांची थडगी आहेत. दान्तेचेही स्मारक आहे, पण ते रिकामे. ज्या शहराने त्याला १३०२ मध्ये हद्दपार केले, तेथे तो पुन्हा परतला नाही. त्याच्या अस्थी रावेन्नामध्ये आहेत.

४ नोव्हेंबर १९६६ च्या पहाटे आर्नोचे पाणी शहरात शिरले. बरोबर याच तारखेला १३३३ मध्ये आलेल्या पुराने जुन्या पुलाच्या जागी पूर्वी असलेला पूल वाहून नेला होता. या वेळी सांता क्रोचेच्या परिसरात पाणी सहा मीटरांहून वर चढले. घरे तापवण्यासाठी तळघरांत साठवलेले तेल त्यात मिसळले. चिमाबुएच्या तेराव्या शतकातील क्रूसचित्राचा बराचसा रंग पाण्याबरोबर गेला. ‘स्वर्गद्वारा’चे पाच पट निखळून पडले. शेजारच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दहा लाखांहून अधिक ग्रंथ आणि कागदपत्रे चिखलात बुडाली.

त्यानंतर देशोदेशींचे तरुण फ्लॉरेन्सला आले. माणसांची साखळी करून त्यांनी ग्रंथ हातोहात बाहेर काढले. शहराने त्यांना ‘चिखलातील देवदूत’ असे नाव दिले. चित्रे आणि कागद वाचवण्याच्या आधुनिक शास्त्रातील कितीतरी पद्धती या आपत्तीतून जन्मल्या. पुरात भिजलेले वासारीचे ‘अंतिम भोजन’ दुरुस्त होऊन सांता क्रोचेत परतले ते २०१६ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. शहरात फिरताना भिंतींवर पुराची पातळी दाखवणाऱ्या पाट्या आढळतात. त्यांतील काही माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आहेत.

भारताशी जुळलेले धागे

गोव्याचा फ्लॉरेन्सशी संबंध समाधीच्याही आधीचा आहे. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सासेत्ती १५८३ मध्ये भारतात आला आणि १५८८ मध्ये गोव्यात वारला. घरी पाठवलेल्या पत्रांत त्याने मिरीच्या व्यापाराबरोबर येथील भाषांचीही नोंद केली. देव, सर्प, सप्त, अष्ट, नव या शब्दांचे इटालियन शब्दांशी असलेले साम्य त्याने टिपले. भाषांच्या या नात्याचा शास्त्रीय अभ्यास सुरू व्हायला त्यानंतर दोनशे वर्षे लागली.

दुसरा धागा कोल्हापूरचा. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर रोजी तेथेच निवर्तले. वय अवघे वीस. त्या काळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती आणि दहन ही तेथे अपरिचित गोष्ट. तरीही प्रशासनाने परवानगी दिली. हिंदू रिवाजाप्रमाणे दोन प्रवाहांचा संगम हवा, म्हणून आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर, काशिने उद्यानाच्या टोकाशी रात्री चिता रचण्यात आली. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. तिच्याखालील महाराजांचा रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा आहे. पुढे शेजारी झालेल्या पुलालाही ‘पोन्ते आल इंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल, असे नाव मिळाले. शहरात मुक्काम असलेल्या मराठी माणसाने अर्धा दिवस काढून येथे अवश्य जावे.

जाणाऱ्यांसाठी

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. फ्लॉरेन्सचा पेरेतोला विमानतळ लहान आहे. अनेकजण रोम किंवा मिलानला उतरून रेल्वेने येतात. जलद गाडीने रोमहून सुमारे दीड तास, मिलानहून सुमारे दोन तास लागतात. सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकातून दुओमो पायी गाठता येतो. जुन्या भागात बाहेरच्या खासगी गाड्यांना मज्जाव असल्याने भाड्याची मोटार घेऊन आत शिरल्यास दंड होतो.

उफिझी आणि आकादेमिया सोमवारी बंद असतात. या दोन्हींची तसेच घुमटावर चढण्याची वेळ आधी आरक्षित करणे श्रेयस्कर. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये विनामूल्य असतात, पण त्या दिवशी गर्दीही तशीच असते. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा असह्य होतो. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सुखाचे. २४ जून हा सेंट जॉनचा सण गोव्यात ‘सांजाव’ म्हणून विहिरींत उड्या घेऊन साजरा होतो. तोच संत फ्लॉरेन्सचा रक्षक असल्याने त्या दिवशी तेथे जुन्या धाटणीच्या चेंडूच्या खेळाचा अंतिम सामना आणि रात्री आतषबाजी असते.

शाकाहारींची अडचण होत नाही. शिळा पाव, घेवडा आणि काळपट कोबी यांचे दाट ‘रिबोल्लिता’ तसेच टोमॅटो-पावाचे ‘पाप्पा आल पोमोदोरो’ हे गरिबांच्या घरातून आलेले पदार्थ सर्वत्र मिळतात. रस्सा मांसाचा नाही ना, एवढे विचारून घ्यावे. येथील पावात मीठ नसते. मांसाहारींसाठी गाड्यांवर मिळणारा ‘लांप्रेदोत्तो’ म्हणजे गाईच्या जठराचे तुकडे भरलेला पाव, ही खास स्थानिक चीज.

दोन दिवसांत ठळक स्थळे उरकता येतात, पण किमान चार दिवस द्यावेत. पर्यटकांच्या लोंढ्याने शहराच्या गाभ्यातील घरे भाड्याच्या खोल्यांत बदलत गेली आणि मूळ रहिवासी बाहेर जाऊ लागले. म्हणून २०२३ मध्ये नगरपालिकेने जुन्या भागात अल्पमुदतीच्या नव्या भाडेव्यवहारांवर बंदी घातली. आन्ना मारिया लुइझाच्या कराराने चित्रे शहरात राहिली. आता माणसेही तेथे राहावीत, यासाठी फ्लॉरेन्स झटत आहे. घाईने धावण्याऐवजी चार दिवस थांबणारा, गल्लीतल्या दुकानातून पाव घेणारा पाहुणा या प्रयत्नाला थोडा का होईना हातभार लावतो.